पायगाडी, लूना आणि ई-सायकल : एका राहून गेलेल्या निवडीचा इतिहास

मराठीत सायकल आली तेव्हा तिला ‘पायगाडी’ म्हणत, मोटार आली तेव्हा ‘हवागाडी’, आणि मोटारसायकलचे बारसे तिच्या आवाजावरूनच ‘फटफटी’ असे झाले. तिन्ही शब्द आता जुन्या कादंबऱ्यांतच भेटतात. आज ‘बाईक’ म्हटले की मोटारसायकल समजायची आणि ‘ई-बाईक’ म्हटले तर समोरचा नेमके काय म्हणतो आहे हे त्यालाच विचारावे लागते. विजेवरची स्कूटर ही ई-बाईक, आणि पॅडल मारताना मागून हलका हात द्यावा तशी मदत करणारी सायकल हीही ई-बाईक. राज्य सरकारने २०२५ साली मंजूर केलेल्या ‘ई-बाईक टॅक्सी’ धोरणातली बाईक पहिल्या जातीची आहे. कायदा मात्र या दोघींत नेमका फरक करतो. मोटरची ताकद २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ते मोटार वाहनच नव्हे. त्याला नोंदणी नाही, लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. या लेखात मी या दुसरीबद्दल बोलणार आहे आणि घोटाळा टाळण्यासाठी तिला सरळ ई-सायकल म्हणणार आहे.

मोटार घ्यावी, ठेवावी, की रोजच्या जाण्यायेण्याला ई-सायकल पुरे, हा प्रश्न सध्या अनेक घरांत निघतो. तो निघाला की बहुधा कागद-पेन्सिल घेऊन महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडला जातो. हिशेब मीही मांडणार आहे, पण पुढे. आधी हे पाहायला हवे की घरातली माणसे हिशेबाला बसतात तेव्हा अर्धी निवड दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेली असते. गेल्या सव्वाशे वर्षांत ही निवड तीन-चारदा झाली, आणि दर वेळी मधले, हलके, स्वस्त वाहन मागे राहिले. ते का राहिले, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

पहिली गोष्ट अशी की ई-सायकल नवी नाही. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ऑग्डेन बोल्टन (धाकटा) याला विजेच्या सायकलचे पेटंट मिळाले. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली आणि बॅटरी चौकटीच्या मधल्या त्रिकोणात टांगलेली. आज दुकानात दिसणाऱ्या स्वस्त ई-सायकलची रचना याहून फारशी वेगळी नाही. दोनच वर्षांनी बॉस्टनच्या होसिया लिबी याने दुहेरी मोटरच्या सायकलचे पेटंट घेतले. ही वाहने रस्त्यावर फारशी आली नाहीत, कारण शिशाच्या बॅटरीचे वजन सायकलला पेलणारे नव्हते.

मोटारीला ते पेलत होते. १९०० साली अमेरिकेत जी ४,१९२ मोटार वाहने तयार झाल्याची नोंद आहे, त्यांत वाफेची १,६८१, विजेची १,५७५ आणि पेट्रोलची अवघी ९३६ होती. ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तोही विजेच्या मोटारीने, १८९९ साली, कामी जेनात्झी या बेल्जियन चालकाने. पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडायचे. म्हणून शहरातल्या बायका आणि डॉक्टर विजेची गाडी पसंत करीत. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवीत असे. मग १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि १९१२ साली चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला. गंमत पाहा, विजेच्या मोटारीचा काळ संपवायला पेट्रोलच्या मोटारीत बसवलेली विजेचीच एक छोटी मोटर कारणीभूत झाली.

आपल्याकडचा क्रम निराळा आहे. मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली, आणि पेट्रोलची बस थेट १९२६ साली. म्हणजे गिरगावातला कारकून पेट्रोलवर प्रवास करायच्या आधी एकोणीस वर्षे विजेवर करीत होता. पुण्याच्या नशिबी ट्राम कधीच नव्हती. शहराची म्हणावी अशी बससेवा, पीएमटी, १९५० साली उभी राहिली. हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला रोज पायी येणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. ती वाहतुकीच्या इतिहासातलीही एक नोंद आहे. गावाबाहेर राहणाऱ्या माणसाला गावात यायला पायांखेरीज दुसरे काही नव्हते.

ही पोकळी सायकलने भरली. पुणे ‘सायकलींचे शहर’ झाले ते पुणेकरांच्या काटकसरीमुळे असे गमतीने म्हणतात, पण त्यामागे भूगोल होता. जुने पुणे मुठेच्या काठावर बऱ्यापैकी सपाट वसलेले आहे. पेठांतून डेक्कन, कॅम्प, खडकी ही सगळी ठिकाणे सायकलच्या अर्ध्या-पाऊण तासात होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सुटणारा सायकलींचा लोंढा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आकडे सांगायची गरज नाही. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर या विलायती गाड्या होत्या. पुढे असनसोल, मद्रास, सोनिपत आणि लुधियाना येथे कारखाने निघाले आणि सायकल कामगाराच्याही आवाक्यात आली. ज्यांच्या आवाक्यात नव्हती त्यांच्यासाठी तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. आजची मोबाइलवर उघडणारी भाड्याची सायकल या दुकानांची नात म्हणायला हरकत नाही, फक्त दुकानदार गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखत असे.

तरुण वाचकांना खरे वाटणार नाही, पण सायकलवर कर होता. नगरपालिका चाकपट्टी घेई आणि त्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देई. तो सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत, डबलसीट दिसली तरी अडवीत. आज हे त्रासाचे वाटेल. मला त्यात वेगळे काही दिसते. त्या काळी रस्त्याच्या लेखी सायकल हे एक वाहन होते, त्याच्याकडे बघून नियम केले जात. पुढे कर गेला, बिल्ला गेला, आणि त्यांच्याबरोबर सायकल सरकारी हिशेबातूनच गेली. ज्याची नोंद नाही त्याची मोजणी नाही, आणि ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी रस्त्यावर जागा राखली जात नाही. ई-सायकलला नोंदणी नाही ही तिची सोय आहे असे सगळे म्हणतात. ती तिची दुबळी बाजूही ठरू शकते.

आता स्कूटर. मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लँब्रेटा बनवू लागली होती. बजाजने आधी व्हेस्पा आयात केल्या आणि १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्यावर आकुर्डीत बनवायला घेतल्या. त्याच १९६० साली केंद्र सरकारने स्कूटरच्या विक्रीवर आणि वाटपावर नियंत्रण आणले. कारखान्याने किती बनवायच्या हे लायसन्स ठरवी आणि कुणाला मिळायच्या हे यादी ठरवी. अनामत भरून नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. बजाजच्या स्कूटरसाठी ही वाट दहा-दहा वर्षांची झाली. मुलगा कॉलेजात गेला की नाव नोंदवायचे, म्हणजे त्याच्या लग्नापर्यंत गाडी येईल, असा विनोद घरोघरी होता. नंबर लागलेली स्कूटर बाहेर विकली तर वर ‘ऑन’ मिळे. रविवारी जुन्या बाजारात जुने कागद चाळताना अशा नोंदणीच्या पावत्या कधीमधी हाती येतात. बँकेच्या ठेवीची पावती जपावी तशा त्या घडी घालून जपलेल्या असतात.

या रांगेचा परिणाम काय झाला याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तू मिळत नाही तेव्हा तिची किंमत मनात वाढते. दहा वर्षे वाट पाहून स्कूटर घरी आली की ती हार घालून, पेढे वाटून येते. सायकल त्याच दिवशी जिन्याखाली जाते. स्कूटर सायकलपेक्षा वेगवान होती हे खरेच, पण रांगेने तिला जी प्रतिष्ठा दिली ती इंजिनाने दिलेली नव्हती. मोटारीचे तर विचारूच नका. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची फियाट, म्हणजे १९७४ नंतरची पद्मिनी, आणि कलकत्त्याची अँबॅसडर, एवढ्या दोन नावांत मध्यमवर्गाचे स्वप्न संपत असे.

या रांगेला बगल देऊन एक वाहन आले. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली. मूळ रचना पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडची, इंजिन पन्नास सीसीचे. ‘मोपेड’ हा शब्दच मोटर आणि पेडल या दोन शब्दांचे तुकडे जोडून १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झाला. लूनाला पॅडल होती. पेट्रोल संपले तर सायकलसारखी मारत घरी येता येई, चढावर इंजिन धापा टाकू लागले तर पायांनी हातभार लावता येई. माणूस आणि यंत्र यांनी मिळून चालवायचे हे वाहन होते. आजची ई-सायकल तांत्रिकदृष्ट्या बोल्टनची वारस असेल, पण मराठी घरातले तिचे पूर्वज शोधायचे तर ते लूनात सापडतात. शिक्षिका, विमा एजंट, नर्स, दूधवाले, पोस्टातली माणसे, ज्यांना स्कूटर परवडत नव्हती किंवा वजनाने झेपत नव्हती, अशांनी ती घेतली. साडी नेसून चालवता येणारे स्वयंचलित वाहन म्हणून तिचे जे महत्त्व आहे त्यावर खरे तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मग लूना मागे का पडली? १९८४-८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या. त्यांतली सर्वांत यशस्वी ठरलेली हीरो होंडा ज्यांनी काढली तो लुधियानाचा हीरो समूह सायकलींचाच कारखानदार होता, हा इतिहासाचा विनोद. १९८४ सालीच कायनेटिक होंडा आली. तिला गिअर बदलायचे नव्हते आणि बटणावर ती सुरू होई. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली होती. रांग संपत आली. रांग संपल्यावर ज्यांना जे हवे ते मिळू लागले, आणि जे हवे होते ते दहा-वीस वर्षे रांगेत उभे राहून मनात ठसलेले होते. पॅडल मारणे ही गरिबीची खूण ठरली.

दुसरे कारण शहराचे आहे. १९९० नंतर पुणे डोंगरांवर चढले. बावधन, वारजे, कोंढवा, कात्रज. पेठेतला माणूस तिकडे फ्लॅट घेऊन गेला तेव्हा त्याच्या आणि ऑफिसच्या मध्ये चढ आले. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, तेव्हा कामाचे ठिकाण पेठांपासून पंधरा-वीस किलोमीटरवर गेले. सायकलचा सोयीचा पल्ला पाच-सहा किलोमीटरचा. शहर तिच्या पल्ल्याबाहेर वाढले आणि मग लोक म्हणू लागले की सायकल कालबाह्य झाली. २०१८ साली पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली. माणसांपेक्षा वाहने जास्त अशी बातमी तेव्हा सर्व वृत्तपत्रांत झळकली होती.

आणि तरीही २०११ च्या जनगणनेत, शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता असे पहिल्यांदा विचारले तेव्हा, देशात सुमारे २ कोटी ६० लाख लोकांनी सायकल असे उत्तर दिले. स्कूटर, मोपेड, मोटारसायकल मिळून सुमारे अडीच कोटी. मोटार, जीप, व्हॅन सुमारे ५१ लाख. साडेचार कोटी लोक पायी जात होते. वाहतुकीवरची आपली सारी चर्चा या ५१ लाखांभोवती फिरते.

बाहेर काय झाले तेही थोडक्यात पाहू. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९९३ साली यामाहाने जपानमध्ये पहिली ‘मदत करणारी’ सायकल विकायला काढली. पायाचा जोर जेवढा, त्या प्रमाणात मोटरचा जोर. पण लाट उठली ती चीनमध्ये. तिथल्या मोठ्या शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींवर निर्बंध घातले, सायकलींच्या मार्गिका आधीपासून होत्याच, आणि एका दशकात विजेच्या दुचाकींचे उत्पादन काही हजारांवरून वर्षाला दोन कोटींच्या घरात गेले. पुढे त्या जड आणि वेगवान होत गेल्या, अपघात आणि आगी वाढल्या, तेव्हा २०१९ पासून ताशी २५ किलोमीटर, ५५ किलो वजन आणि पॅडल सक्तीचे, असा दंडक घालावा लागला. नेदरलँड्सची सायकल-संस्कृती जन्मजात नाही. १९७० च्या दशकात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांसाठी लोकांनी आंदोलन केले आणि १९७३ च्या तेलसंकटात रविवारी मोटारी बंद राहिल्या, तेव्हा रस्ते बदलायला सुरुवात झाली. दोन्हीकडे आधी रस्ता आला, वाहन त्यावर मागून आले.

आपल्याकडे कागद चांगले आहेत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ता माणसांसाठी आहे, वाहनांसाठी नाही असे तत्त्व मांडले. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी, आणि दोनेक वर्षांत नाहीशा झाल्या. मार्गिका जिथे झाल्या तिथे मोटारी उभ्या राहिल्या. पैशाचा ओघ कुठे गेला हे तर अधिक बोलके आहे. विजेच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेत, २०१९ पासून, दुचाकीला किमान वेग ताशी ४० किलोमीटर आणि पल्ला ८० किलोमीटर अशी अट होती. ज्या वाहनाचा वेग कायद्यानेच २५ वर रोखला आहे ते या दारातून आत येणार कसे? ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के झाला, तेव्हा साध्या सायकलवर १२ टक्के होता. तो ५ वर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. कुणी दुष्टपणाने हे केले असे मला वाटत नाही. विसरले, एवढेच.

आता कबूल केल्याप्रमाणे हिशेब. इव्हान इलिच या विचारवंताने १९७० च्या दशकात दाखवले होते की अमेरिकन माणूस मोटारीत बसायला आणि मोटारीसाठी कमवायला वर्षाचे १,६०० तास देतो आणि त्यात ७,५०० मैल जातो, म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी. ही रीत आपल्याकडे लावून पाहू. आकडे ढोबळ आणि माझे आहेत. आठ लाखांची मोटार दहा वर्षे वापरली, वर्षाला विमा-दुरुस्ती तीस हजार, आठ हजार किलोमीटर, लिटरला पंधरा. सगळे मिळून वर्षाला सुमारे १ लाख ६६ हजार. महिना साठ हजार कमावणाऱ्याचा तास तीनशे रुपयांचा धरला, तर या पैशासाठी साडेपाचशे तास काम झाले. ताशी वीसच्या वेगाने चालवण्याचे चारशे. साडेनऊशे तासांत आठ हजार किलोमीटर, ताशी साडेआठही नाही. चाळीस हजारांची ई-सायकल पाच वर्षे, दुरुस्ती तीन हजार, वर्षाला चार हजार किलोमीटर. वीज चाळीस युनिटांच्या आसपास, म्हणजे चहाच्या टपरीचे महिन्याचे बिल. कमाईचे तास अडतीस, ताशी सोळाने चालवण्याचे अडीचशे. खरा वेग ताशी चौदा.

हा हिशेब इथेच थांबवला तर तो प्रचार होईल. कमाई महिना तीन लाख धरा, दोन्ही वाहनांचा वेग साडेपंधराच्या आसपास येऊन बरोबरीत सुटतो. त्याहून वर मोटार जिंकते. म्हणजे मोटार ज्यांना वेगवान ठरते त्यांची संख्या थोडी आहे, पण रस्ते कसे असावेत हे ठरवणाऱ्या बैठकांत बहुधा तीच माणसे बसतात.

शिवाय हिशेबात न मावणाऱ्या गोष्टी आहेत. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत दुचाकीवरची चौवेचाळीस टक्के. एवढे कळल्यावर मुलीला ई-सायकलवर क्लासला पाठवताना आईच्या पोटात गोळा आला तर तिला पर्यावरण शिकवायला जाऊ नये. जुलैतला पाऊस आहे, गुडघे दुखणारे वडील आहेत, रात्री दवाखाना गाठायचा असतो. २००८ साली नॅनो जाहीर झाली ती पावसात स्कूटरवर चाललेले चौघांचे कुटुंब पाहून सुचली असे रतन टाटा यांनी सांगितले होते. नॅनो चालली नाही, पण ते कुटुंब खरे होते. त्यामुळे घरातल्या पहिल्या मोटारीशी ई-सायकलचे भांडण लावणे मला पटत नाही. भांडण आहे ते दुसऱ्या मोटारीशी, जी सोसायटीच्या आवारात आठवड्याचे पाच दिवस कव्हर घालून उभी असते, आणि भाजी-बँक-स्टेशन या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी बाहेर काढल्या जाणाऱ्या पहिलीच्या सवयीशी. चढ आणि पल्ला ही सायकलची जी दोन अडचण होती, ती दोन्ही २५० वॉटच्या मोटरने बऱ्याच अंशी सुटतात. बावधनचा चढ आता गुडघ्यांवर येत नाही. उरते ती रस्त्याची भीती, आणि ती बॅटरीने सुटणारी नाही.

जुनी नावे मात्र विजेवर परत येत आहेत. जानेवारी २०२० मध्ये चेतक आली, फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना. दोन्ही नोंदणीची, नंबरप्लेटची वाहने. जुन्या लूनाची पॅडल नव्या लूनाला नाहीत.

या विषयावरची साधने विखुरलेली आहेत. ज्यांच्या घरी नगरपालिकेचे सायकलचे बिल्ले, चाकपट्टीच्या पावत्या, स्कूटरच्या नोंदणीचे कागद किंवा भाड्याच्या सायकलींच्या दुकानाच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. विशेषतः वह्या. कोण, किती वाजता, किती तासांसाठी सायकल घेऊन गेले हे त्यांत लिहिलेले असे, आणि एका शहराची रोजची ये-जा इतकी नेमकी दुसरीकडे कुठेही नोंदलेली नाही.